राजावरचं बलिदान इंजिनात कसं तपासायचं

बुद्धिबळात समोरच्याच्या राजावर हल्ला करण्यासाठी मोहरा मुद्दाम द्यायचा, हे बलिदान. ते बरोबर होतं का हे पाहायला बलिदानाच्या आधीची स्थिती इंजिनापुढे (बुद्धिबळाचं विश्लेषण करणाऱ्या प्रोग्रॅमपुढे) ठेवायची, दहा सेकंद थांबायचं आणि वरचा आकडा वाचून निकाल लावायचा, ही पद्धत सर्रास चालते. राजावरच्या खोल हल्ल्यांसाठी ती जवळजवळ निरुपयोगी आहे. समोरच्याने सगळ्यात चांगलं उत्तर दिलं तर काय होईल, एवढंच तो आकडा सांगतो. आणि सगळ्यात चांगलं उत्तर बरेचदा दिलेला मोहरा न घेणं हेच असतं. मग ज्या दहा-बारा खेळ्यांच्या भरवशावर तुम्ही हत्ती सोडलात, त्या मुख्य ओळीत (इंजिनाला सर्वोत्तम वाटणाऱ्या खेळ्यांच्या मालिकेत) दिसतही नाहीत. म्हणून तपासणी बचाव करणाऱ्याच्या खुर्चीत बसून करायची, आणि शेवटाकडून सुरुवातीकडे.

आधी मांडामांड

मोबाइलवरच्या ब्राउझरमधलं इंजिन साध्या चुका शोधायला पुरतं, या कामाला नाही. फोन तापला की वेग पडतो आणि आकडे तिथेच रेंगाळतात. संगणकावर स्टॉकफिश या इंजिनाची ताजी आवृत्ती आणि एन क्रोइसाँ, अरेना किंवा क्यूटचेससारखा एखादा मोफत पट (इंजिन ज्यात चालवायचं तो प्रोग्रॅम) घ्या. सेटिंगमध्ये चारच गोष्टी बघायच्या.

थ्रेड्स (शोधाचं काम किती भागांत एकाच वेळी चालतं): प्रोसेसरचे जितके प्रत्यक्ष कोअर, त्यातून एक वजा. हॅश: ८ जीबी रॅम असेल तर २०४८ एमबी, १६ जीबी असेल तर ४०९६ किंवा ८१९२. हॅश हे इंजिनाचं वहीखातं आहे. पाहिलेल्या स्थिती ते त्यात लिहून ठेवतं. वही भरली की जुन्या नोंदी पुसल्या जातात, आणि खाली सांगितलेली उलट चालण्याची युक्ती नेमकी याच नोंदींवर चालते. इंजिनाच्या कच्च्या आउटपुटमध्ये ‘हॅशफुल’ नावाचा आकडा दिसतो, तो हजारात मोजतात. तो ९०० च्या पुढे सरकला तर हॅश वाढवा. तिसरं, ‘यूसीआय शो डब्ल्यूडीएल’ चालू करा, म्हणजे विजय, बरोबरी आणि पराभव यांची शक्यता हजारात दिसते. चौथं, मल्टीपीव्ही, म्हणजे एका वेळी किती ओळी दाखवायच्या. ते कधी किती ठेवायचं ते पुढे येईलच.

डब्ल्यूडीएलचा आग्रह कशासाठी? स्टॉकफिश १५.१ पासून (डिसेंबर २०२२) ‘+१.००’ म्हणजे ‘एक प्याद्याची आघाडी’ राहिलेली नाही. तोडीस तोड प्रतिस्पर्ध्याविरुद्ध विजयाची शक्यता ५० टक्के, असा त्याचा अर्थ आहे. जुन्या पुस्तकातला +१ आणि आजचा +१ शेजारी ठेवून तुलना करणारे अजून भेटतात. त्यांच्या नादी लागू नका.

आणखी एक बारीक गोष्ट. यूसीआयच्या (इंजिन आणि पट यांच्यातल्या भाषेच्या) कच्च्या आउटपुटमधला आकडा ज्याची खेळी आहे त्याच्या बाजूने असतो, तर बहुतेक पट तो फिरवून पांढऱ्याच्या बाजूने दाखवतात. काळ्याचं बलिदान तपासताना इथे हमखास गोंधळ होतो.

इंजिन नेमकं कुठे अडखळतं

सगळ्या फांद्या शेवटपर्यंत पाहायला कुठल्याच यंत्राला वेळ नसतो, म्हणून इंजिन छाटणी करतं. बलिदानाच्या बाबतीत तीन छाटण्या आडव्या येतात.

पहिली खेळ्यांच्या क्रमाची. प्याद्यासाठी हत्ती देणारी मारामारी हिशेबात तोट्याची दिसते, म्हणून ती यादीत तळाला जाते, आणि तळाच्या खेळ्यांना खोली कमी मिळते. दुसरी ‘नल मूव्ह’. बचाव करणारा हत्तीने पुढे आहे. त्याने एक खेळी सोडून दिली, तरी उथळ शोधात त्याचं काही बिघडत नाही असं दिसलं, की इंजिन ती फांदी तिथेच कापतं. धमकी पुढच्याच खेळीत मात अशी असेल तर ती पकडली जाते. पण हल्लेखोर आणखी दोन-तीन शांत खेळ्या करून मग मात करणार असेल, तर उथळ शोधाला ती दिसत नाही. तिसरी अडचण याच शांत खेळीची. शह देणाऱ्या आणि मारणाऱ्या खेळ्यांकडे इंजिन आधी बघतं. दोन मोहरे दिल्यानंतर शह नाही, मारणं नाही, नुसता हत्ती एक घर सरकवणं, ही खेळी यादीत मागे पडते. खोल हल्ल्याचा जीव बहुतेक वेळा अशाच खेळीत असतो.

सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ सोबत एनएनयूई हे न्यूरल जाळं आलं आणि उघड्या राजाची किंमत इंजिनाला पुष्कळ चांगली कळू लागली. जुनी इंजिनं राजाभोवतीच्या घरांवर किती मोहऱ्यांचा मारा आहे ते मोजून ठरावीक गुण द्यायची. एवढ्याने मात्र छाटणी काही थांबलेली नाही.

‘डेप्थ ३०’ दिसलं म्हणजे सगळ्या फांद्या तीस अर्ध्या खेळ्यांपर्यंत (एका बाजूची एक खेळी म्हणजे अर्धी खेळी) पाहून झाल्या, हा समज त्यामुळेच चुकीचा आहे. मुख्य ओळ तेवढी खोल गेली आहे, बाकीच्या फांद्या कुठे अर्ध्यावर, कुठे त्याहून अलीकडे थांबल्या आहेत.

नमुन्याचा डाव

वाइक आन झी (नेदरलँड्स), १९९९. गॅरी कास्पारोव्हकडे पांढरे मोहरे, व्हेसेलिन टोपालोव्हकडे काळे. २४ वी खेळी पांढऱ्याची. पट असा मांडा (ए ते एच हे उभे रकाने, १ ते ८ या आडव्या ओळी):

पांढरा: राजा बी१, वजीर एफ४, हत्ती डी१ आणि ई१, उंट एच३, घोडा ए५, प्यादी ए३, बी२, सी२, डी५, एफ३, जी३, एच२.
काळा: राजा ए७, वजीर डी६, हत्ती डी८ आणि एच८, उंट ए८, घोडा एफ६, प्यादी ए६, बी५, सी५, डी४, एफ७, जी६, एच७.

हाताने पट मांडला की किल्लेकोटाच्या चारही खुणा काढून टाका आणि खेळी कुणाची ते पुन्हा पाहा. राजा आणि हत्ती मूळ घरी उभे असतील आणि खूण चुकून राहिली, तर इंजिन प्रत्यक्षात नसलेल्या किल्लेकोटावर बचाव उभारतं. हाताने मांडलेल्या पटाला मागचा इतिहासही नसतो. डावात हीच स्थिती आधी दोनदा येऊन गेली असेल तर इंजिनाला ते ठाऊक नसतं. म्हणून शक्य असेल तिथे पूर्ण डावाची पीजीएन फाइलच (डावातल्या सगळ्या खेळ्यांची नोंद असलेली) चढवा.

पहिला टप्पा: मल्टीपीव्ही ४, पाच मिनिटं. चारही ओळी आणि त्यांचे डब्ल्यूडीएल लिहून ठेवा. मल्टीपीव्ही वाढवलं की वेग कमी होतो, पण सुरुवातीच्या स्थितीत तळाला पडलेल्या खेळीलाही पूर्ण शोध मिळतो. एका ओळीवर न सापडणारं बलिदान चार ओळींवर वर येतं, हे अनेकदा घडतं. आकड्याशेजारी ‘लोअरबाउंड’ किंवा ‘अपरबाउंड’ अशी खूण दिसत असेल (काही पट त्याऐवजी बाण दाखवतात), तर त्या क्षणी थांबू नका. इंजिनाचं मत तेव्हा बदलत असतं.

दुसरा टप्पा: बलिदान हाताने खेळा. डी१ वरचा हत्ती डी४ चं प्यादं मारतो. आता काळ्याची खेळी, मल्टीपीव्ही ३. इथे तपासणीचं खरं मर्म उघडं पडतं. काळ्याची सर्वात चांगली खेळी हत्ती मारणं नव्हे, राजा बी६ वर नेणं ही आहे. त्यावर पांढरा घोडा बी३ वर आणतो, आणि डाव जिंकलेला वगैरे नाही, फार तर पांढऱ्याला थोडा बरा. मूळ स्थितीतला माफक आकडा या फांदीचा होता. टोपालोव्हने सी५ च्या प्याद्याने हत्ती घेतला, म्हणून पुढचा सगळा प्रसिद्ध भाग घडला. ‘बलिदान बरोबर होतं का’ याची म्हणून दोन उत्तरं निघतात: नाकारलं तर काय, घेतलं तर काय. ती वेगळीच लिहा, त्यांची सरासरी काढू नका.

तिसरा टप्पा: घेतलं असं धरून पुढे चला. २५ वी खेळी पांढऱ्याचा दुसरा हत्ती ई७ वर, शह. वजिराने तो हत्ती मारला तर पांढरा वजीर डी४ मारून शह देतो, राजा बी८, वजीर बी६ शह, उंट बी७, घोडा सी६ शह, राजा ए८, वजीर ए७ मात. क्रम उलटा करून आधी वजिराने डी४ मारून पाहा: काळा वजीर बी६ वर येऊन शहही अडवतो आणि वजिरांची मारामारीही मागतो. बलिदानाच्या तपासणीत क्रमांची अशी अदलाबदल प्रत्येक वळणावर करून बघायची. ‘कल्पना बरोबर, क्रम चुकला’ हा प्रकार स्वतःच्या डावांत वाटतो त्याहून जास्त सापडतो.

डावात राजा बी६ वर गेला, वजिराने शह देत डी४ मारलं, राजाने ए५ चा घोडा घेतला, बी४ वर प्याद्याचा शह, राजा ए४. आता हिशेब करा: पांढऱ्याने एक हत्ती आणि एक घोडा दिला आहे, बदल्यात दोन प्यादी. आणि या घडीला त्याच्याकडे शह नको, शांत खेळी हवी. कास्पारोव्हने वजीर सी३ वर नेला; धमकी बी३ वर मातेची. नंतरच्या विश्लेषणात हत्ती ए७ वर नेणं अधिक नेमकं ठरलं. तीही शांत खेळी. इथे मल्टीपीव्ही २ लावा आणि दोन्ही ओळी पिकू द्या. दोन्ही जिंकतात, फरक काळ्याला किती झुंजता येतं याचा आहे.

पुढे चालत ३६ व्या खेळीपर्यंत जा. काळा राजा तोपर्यंत डी१ वर, म्हणजे पांढऱ्याच्या पहिल्या ओळीत पोहोचलेला आहे, आणि पांढरा एच३ चा उंट एफ१ वर ठेवतो. काळ्या वजिराने तो मारला तर वजीर सी२ शह, राजा ई१, मग बी७ चा हत्ती ई७ वर येऊन शह, आणि मात टळत नाही. २४ व्या खेळीतल्या बलिदानापासून इथपर्यंत २५ अर्ध्या खेळ्या होतात. सुरुवातीच्या स्थितीत काही सेकंदांत हे सगळं छाटणीतून सुटून वर यावं, ही अपेक्षाच चुकीची.

उलट चालणं

चौथा टप्पा हाच खरा. इंजिन चालूच ठेवा आणि शेवटच्या स्थितीपासून एकेक अर्धी खेळी मागे या. प्रत्येक ठिकाणी आकडा स्थिर होईपर्यंत थांबा: साध्या जागी २० ते ३० सेकंद, शांत खेळीच्या जागी दोन-तीन मिनिटं. पुढे जे सापडलं ते हॅशमध्ये नोंदलेलं असतं, त्यामुळे मागच्या स्थितीत पोहोचल्यावर इंजिनाला ती फांदी पुन्हा शोधावी लागत नाही. बलिदानाच्या स्थितीत परत येईपर्यंत आकडा पहिल्या वेळेपेक्षा वेगळा झालेला दिसेल. हा दुसरा आकडा जास्त विश्वासाचा.

बिघडतं ते इथे. काही पट दुसऱ्या स्थितीवर उडी मारली की इंजिनाला ‘नवा डाव’ अशी आज्ञा पाठवतात आणि हॅश रिकामी होते. मागे आल्यावर खोली पुन्हा १० पासून हळूहळू चढत असेल, तर असंच झालंय असं समजा. बाणाच्या कळीने एकेक खेळी मागे या, यादीत टिचकी मारून उडी घेऊ नका. आणि मागे येताना प्रत्येक जागी बचाव करणाऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या खेळीवरही थोडं पुढे चालून पाहा. नाहीतर हॅशमध्ये तुमचीच लाडकी ओळ भरत जाते आणि इंजिन तुमची री ओढू लागतं.

०.०० दिसलं की लगेच ‘बरोबरी’ लिहू नका. मुख्य ओळीच्या शेवटी तीच तीच स्थिती येत असेल तर ती सततच्या शहाची खरी बरोबरी. ओळ छोटी आणि तुटकी असेल, खेळ्यांना काही सूत्र नसेल, तर इंजिनाला अजून काही सापडलेलं नाही एवढंच. बलिदान करणाऱ्याच्या हातात सततचा शह शिल्लक असणं ही मोठी गोष्ट असते; हल्ला फसला तरी अर्धा गुण कुठे जात नाही. ती फांदी वेगळी नोंदवा.

बरेच थ्रेड वापरले की दोन वेळच्या शोधात उत्तर तंतोतंत सारखं येत नाही. महत्त्वाच्या जागी हॅश साफ करून दुसऱ्यांदा चालवा. दोन्ही वेळा तीच खेळी वर आली तर ठीक.

दुसरं मत

लीला चेस झिरो या दुसऱ्या इंजिनाचा शोध वेगळ्या पद्धतीचा आहे. तिचं जाळं आधी अंदाज लावतं, कुठली खेळी पाहण्यासारखी आहे, आणि शोध त्या दिशेने वाढतो. उघड्या राजाविरुद्धच्या दीर्घ भरपाईची (दिलेल्या मोहऱ्याच्या बदल्यात टिकून राहणाऱ्या फायद्याची) तिची जाण चांगली. पण जाळ्याने बलिदानाच्या खेळीला अर्धा टक्का दिला तर लीला त्या खेळीकडे फिरकतही नाही. निबलर या पटात प्रत्येक खेळीसमोर हा टक्का दिसतो. तो अगदीच कमी असेल तर ‘पॉलिसी टेम्परेचर’ मुळात सुमारे १.३६ असतं ते १.८ ते २ पर्यंत न्या (म्हणजे कमी टक्क्याच्या खेळ्यांनाही वाटा मिळतो), किंवा सरळ खेळी हाताने खेळून पुढची स्थिती द्या. ग्राफिक्स कार्ड नसेल तर लीलाकडून फार अपेक्षा ठेवू नका. आणि लागोपाठच्या शहांची लांब गणितं तिच्यावर सोडू नका, ती स्टॉकफिशकडूनच करून घ्या.

लीला सर्वात उपयोगी पडते ती जिथे मात दिसतच नाही अशा बलिदानांत. नेझमेतदिनोव्ह वि. चेर्निकोव्ह, रोस्तोव्ह १९६२ हा डाव घ्या: १२ व्या खेळीला पांढरा वजीर एफ६ चा उंट मारतो आणि वजिराच्या बदल्यात एक उंट आणि एक घोडा एवढंच हाती येतं. सक्तीची ओळ नाही, फक्त काळ्या घरांवरची भोकं (प्याद्यांनी राखता न येणारी घरं) आणि कोंडलेला राजा. इथे पुढे-मागे चालून फारसं निष्पन्न होत नाही. डाव खेळवून पाहावे लागतात.

खेळवायचे म्हणजे क्यूटचेसमध्ये ती स्थिती सुरुवात म्हणून द्यायची आणि इंजिनांचे ३० ते ५० जलद डाव लावायचे, प्रत्येकी एक मिनिट अधिक खेळीमागे एक सेकंद. सापळा असा की एक थ्रेड आणि ठरावीक नोड (तपासायच्या स्थितींची संख्या) दिले तर इंजिन दरवेळी तोच डाव खेळतं, आणि पन्नास डावांचा निकाल म्हणजे एकाच डावाच्या पन्नास प्रती. म्हणून वेळेवर खेळवा, थ्रेड एकाहून जास्त ठेवा, किंवा दोन वेगवेगळी इंजिनं समोरासमोर बसवा. मग नुसते गुण मोजू नका; हरलेल्या बाजूचा आकडा कुठल्या खेळीला कोसळला ते पाहा. दहा डावांत एकाच जागी कोसळत असेल, तर बचावाची किल्ली तिथे आहे.

माणसाच्या पातळीवर निकाल

इंजिनाच्या दृष्टीने बरोबरीचं बलिदान पटावर बसलेल्या माणसाला पेलवणारं नसू शकतं. ते मोजायचं असं: बचाव करणाऱ्याच्या प्रत्येक खेळीला मल्टीपीव्ही ३ ठेवून पहिल्या आणि दुसऱ्या खेळीचा डब्ल्यूडीएल पाहा. पहिलीने बरोबरी टिकते आणि दुसरीने डाव जातो, तर ती ‘एकमेव खेळी’. अशा किती, आणि त्यातल्या लागोपाठ किती, ते लिहा. मग प्रत्येकीपुढे खूण करा: सहज सुचणारी (मोहरा परत मारणं, शहातून एकाच घरी हटणं) की अंगावर काटा आणणारी. टोपालोव्हपुढची २४ व्या खेळीतली राजा बी६ ही दुसऱ्या जातीची. हत्ती फुकट मिळत असताना राजा घेऊन हल्ल्याच्या तोंडाशी चालत जायचं. एकमेव पण सहज अशा पाच खेळ्यांपेक्षा अशी एक खेळी जास्त डाव जिंकून देते.

माणूस काय खेळेल याचा अंदाज ‘स्किल लेव्हल’ कमी केलेल्या स्टॉकफिशकडून घेऊ नका. ते मधूनच विचित्र चूक करतं, माणसासारखी चूक करत नाही. त्यासाठी माइया ही जाळी आहेत, लिचेस या संकेतस्थळावरच्या माणसांच्या डावांवर ११०० ते १९०० अशा रेटिंगच्या टप्प्यांनी शिकवलेली. लीलाच्याच इंजिनात चढवा, नोडची मर्यादा १ ठेवा. शोध वाढवला की त्यांचा माणूसपणा जातो. बचावाच्या एकमेव खेळीला १५०० च्या माइयाने किती टक्के दिले आणि १९०० च्या माइयाने किती, हे दोन आकडे तुमच्या पातळीवर बलिदान चालेल की नाही ते बऱ्यापैकी सांगून जातात.

बलिदान का चाललं हे समजून घ्यायचं असेल तर मूळ स्थितीत एकच गोष्ट बदला आणि पुन्हा तपासा. एच३ वरचा उंट जी२ वर ठेवा, म्हणजे डी७ आणि सी८ वरचा त्याचा ताबा जातो. काळ्याचं ए६ चं प्यादं ए७ ला न्यायचं तर राजा बी८ वर हलवावा लागेल, तसंही करून पाहा. एका वेळी एकच बदल, प्रत्येक वेळी तितकीच मिनिटं.

नोंद ठेवताना खेळीबरोबर इंजिनाची आवृत्ती, थ्रेड, हॅश, किती कोटी नोड झाले आणि डब्ल्यूडीएल लिहा. नुसती डेप्थ लिहू नका. डेप्थचा आकडा आवृत्तीगणिक आणि मल्टीपीव्हीगणिक वेगळा अर्थ धरतो. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली की हीच फाइल उघडून फक्त शांत खेळ्यांच्या जागा पुन्हा चालवल्या तरी पुरतं. मत बदललं तर ते तिथेच बदलतं.